कोसलनरेश प्रसेनजित आणि त्याचा मिताहार



एका वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालू असताना आमच्या गल्लीतल्या एका ताईंना एकाएकी भोवळ आली. अंगाला दरदरून घाम, हात थरथरताहेत. लेकीने चटकन साखरेचं पाणी पाजलं, तेव्हा थोड्या वेळाने त्या सावरल्या. मग कळलं की ताईंनी मधुमेहाची गोळी नेमाने घेतली होती, पण वजन उतरवायचं म्हणून आदल्या रात्रीपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. वाचन राहिलं बाजूला आणि ओट्यावर वाद सुरू झाला. उपास चांगलाच, खुद्द तथागतांनी केला होता, असं काहींचं म्हणणं. आम्हाला मात्र त्या वेळी आठवला तो कोसलचा राजा प्रसेनजित. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथामुळे त्याचं नाव आपल्या घराघरांत माहीत आहे, पण त्याच्या ताटाची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून या स्मरणिकेत त्याचे चरित्र सांगण्याचे आम्ही योजले.

प्रसेनजित, पालीत पसेनदी, हा राजा महाकोसलाचा पुत्र. राजधानी श्रावस्ती, आजच्या उत्तर प्रदेशात सहेत-महेत येथे तिचे अवशेष आहेत. शिक्षण तक्षशिलेला झाले. तिथे लिच्छवींचा महाली आणि मल्लांचा बंधुल हे त्याचे सहाध्यायी होते. बहीण कोसलदेवी मगधाच्या बिंबिसाराला दिलेली. वयाने तो आणि भगवान बुद्ध बरोबरीचेच.

त्याची राणी मल्लिका ही माळ्याची मुलगी. लढाईत हरून, खिन्न मनाने घोड्यावरून परतणाऱ्या राजाला ती फुलबागेत भेटली आणि त्याने तिला पट्टराणी केले. कुळ विचारत बसला नाही, हे विशेष. ही मल्लिका राजापेक्षा शहाणी होती असे आमचे स्पष्ट मत आहे. राजाने एकदा ५०० बैल, ५०० गोऱ्हे, ५०० कालवडी, ५०० बोकड आणि ५०० मेंढे यज्ञासाठी खांबांना बांधले होते. अट्ठकथेप्रमाणे मल्लिकेनेच त्याला भगवंतांकडे नेले आणि ती मुकी जनावरे सुटली. तिला मुलगी झाल्याचे कळताच मात्र राजाचे तोंड उतरले. तेव्हा मुलगी मुलापेक्षाही सरस निघू शकते, हे भगवंतांनी त्याला समजावले. असा हा राजा, मनाने चांगला, पण सवयींचा गुलाम.

सगळ्यांत मोठी सवय जेवणाची. संयुत्त निकायात नोंद आहे की तो एका वेळी द्रोणभर तांदळाचा भात खात असे, आणि त्याला साजेसं कालवण वेगळं. असाच एकदा भरपेट जेवून, धापा टाकत तो जेतवनात आला. धम्मपदाच्या अट्ठकथेत त्याचं वर्णन आहे. नीट बसवेना, आडवं पडण्याची सोय नाही, झोपेने कधी इकडे कलतोय तर कधी तिकडे. भगवंतांनी विचारपूस केली, तेव्हा जेवल्यानंतर रोज आपले असेच हाल होतात, हे त्याने कबूल केले.

आता इथे थोडं थांबावं असं आम्हाला वाटतं. समोर बसलेल्या तथागतांइतका उपासाचा अनुभव कोणाला होता? उरुवेलेच्या वनात त्यांनी अन्न इतके कमी केले होते की पोटाला हात लावला तर पाठीचा कणा हाताला लागे. त्यातून काही साधत नाही हे ओळखून त्यांनी ते तप सोडले आणि सुजातेची खीर स्वीकारली. त्यांनी या लठ्ठ राजाला एक दिवसाचाही उपास सांगितला नाही. जो सावध राहून, माप ओळखून जेवतो, त्याचे त्रास कमी होतात आणि म्हातारपणही हळू येते, अशा अर्थाची एक गाथा त्यांनी सांगितली. राजाच्या मागे सुदर्शन नावाचा तरुण उभा होता. त्याने ती पाठ केली. राजाच्या जेवणाच्या वेळी ती म्हणायची, हे त्याचं काम. त्याबद्दल राजाने त्याला रोज १०० कहापण ठरवून दिले.

अट्ठकथेत यापुढची युक्ती आहे, ती तर आमच्या फार आवडीची. गाथा जेवणाच्या सुरुवातीला म्हणायची नाही. राजाने शेवटचा घास उचलला की म्हणायची. ती ऐकून राजाने तो घास खाली ठेवायचा. मग त्या घासात जेवढी शितं असतील, तेवढे तांदूळ पुढच्या वेळी शिजवायला कमी घ्यायचे. एकच घास! पोटाला पत्ताही लागत नाही. असं करत करत राजा द्रोणावरून नाळीभर भातावर आला आणि तिथे थांबला. पाली कोष्टकाप्रमाणे नाळी म्हणजे द्रोणाचा सोळावा भाग. अंग हलके झाले तेव्हा तो स्वतःच्या अंगावरून हात फिरवून आनंदाने म्हणू लागला की भगवंतांनी आपले या लोकीचेही भले केले आणि परलोकीचेही. हरणामागे, घोड्यामागे धावून त्यांना धरण्याइतकी ताकद आता आपल्यात आली आहे, हेही त्याने भगवंतांना सांगितले.

हे नुसतं जुन्या काळचं कौतुक नाही बरं का. दोन-चार दिवस उपाशी राहिलं की काटा भराभर खाली येतो, पण त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. शरीरात साठलेल्या साखरेच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं. साखर संपली की तेही जातं, आणि जेवायला लागलं की परत येतं. फार दिवस ओढलं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. दिवसातले ठरावीक तासच जेवायचं, ही पद्धत अलीकडे घरोघरी पोचली आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर केलेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांचं खाणं सारखंच कमी केलं होतं. एका गटाने सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्याच वेळात जेवायचं, दुसऱ्याला वेळेचं बंधन नाही. वजन दोन्ही गटांचं उतरलं आणि त्यांत म्हणावा असा फरक निघाला नाही. म्हणजे घड्याळापेक्षा ताटाने काम केलं. ज्याला एक वेळ न जेवणं सोपं जातं त्याने निरोगी असल्यास तसं करावं, आमची हरकत नाही. पण इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न विचारता उपाशी राहणं म्हणजे ताईंसारखी वेळ ओढवून घेणं.

यावर आमच्या एका काकांनी विचारलं, मग पौर्णिमेच्या अष्टशीलाचं काय, तेव्हा दुपारनंतर जेवत नाहीतच ना? ते शील सावधपणासाठी आहे, काकांनो, काट्यासाठी नव्हे. आणि तेव्हाही दुपारपूर्वी नीट जेवायचंच असतं.

राजाचं पुढचं आयुष्य सुखाचं गेलं असं नाही. ताट आवरलं, पण कान हलकेच राहिले. चहाडखोरांचं ऐकून त्याने आपला जुना मित्र, सेनापती बंधुल याला मुलांसकट मारवले आणि नंतर पस्तावला. भाचा अजातशत्रू याच्याशी काशीच्या गावावरून लढाया झाल्या, पण शेवटी त्याला जिवंत पकडूनही सोडून दिले आणि मुलगी वजिरा त्याला देऊन ते गावही आंदण दिले.

ऐंशीव्या वर्षी तो शाक्यांच्या प्रदेशात भगवंतांच्या दर्शनाला गेला. तलवार, मुकुट ही राजचिन्हे बंधुलाचा भाचा दीर्घ कारायण याच्या हाती देऊन आत गेला आणि भगवंतांच्या चरणांवर डोकं ठेवून बराच वेळ बोलत बसला. बाहेर आला तो कारायण नाही! तो राजचिन्हे घेऊन राजपुत्र विडूडभाकडे गेला होता, त्याला राजा करायला. मागे उरला होता एक घोडा आणि एक दासी. म्हातारा राजा भाच्याची मदत मागायला राजगृहाकडे निघाला. वाटेत मिळेल ते जाडंभरडं अन्न खाल्लं, वर भरपूर पाणी प्यायला. नाजूक पोटाला ते पचलं नाही. पोचला तेव्हा नगराची दारे बंद झाली होती. बाहेरच्या एका धर्मशाळेत तो पडून राहिला आणि त्याच रात्री, उन्हावाऱ्याने थकून, तिथेच मरण पावला. सकाळी दासीचा आक्रोश ऐकून लोकांनी अजातशत्रूला वर्दी दिली. त्याने येऊन मामावर मोठ्या इतमामाने अंत्यसंस्कार केले.