केडगावची सरस्वती

नाताळच्या मंगल दिवशी आम्हां कीर्तनकारांना पंडिता रमाबाईंचे स्मरण व्हावे, याचे वाचकांनी नवल मानू नये. त्या पुराणिकाची लेक, म्हणजे आमच्याच घरच्या. सन १८५८ मध्ये सह्याद्रीतील गंगामूळ येथे त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने लेकीकडून भागवत मुखोद्गत करून घेतले.

तीर्थोतीर्थी पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करावी, असा या कुटुंबाचा क्रम होता. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा गाठीचे द्रव्य दानधर्मात सरले होते आणि शास्त्र्यांच्या मुलांना मोलमजुरी ठाऊक नव्हती. वडील, आई, थोरली बहीण अशी एकामागून एक माणसे गेली. उरली रमा व भाऊ श्रीनिवास. ही भावंडे पायीच पंजाबापर्यंत गेली. तेथे झेलमच्या काठी पांघरूण नाही म्हणून वाळूत खड्डे खणून, गळ्यापर्यंत वाळू ओढून त्यांनी थंडीच्या रात्री काढल्या. ज्या समाजापुढे आम्ही निरूपणे करतो, त्यानेच एका पुराणिकाचे घर उपाशी मरू दिले, हे लिहिताना लेखणी जड होते.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी पटकीने गेले. पदरी तान्ही मनोरमा होती. वैद्यक शिकण्यासाठी इंग्लंड गाठले, तो बहिरेपणाने ती वाटही बंद झाली. तेथेच १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुष्कळांना वाटते, येथे कथा संपली. आमच्या मते ती येथे सुरू होते. तेव्हा आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, परंतु ख्रिस्त मिळाला तो सुमारे आठ वर्षांनी, असे बाईंनीच पुढे नमूद केले आहे. आणि लगोलग परीक्षाही आली. विधवांसाठी १८८९ मध्ये काढलेल्या शारदासदनातील मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात, असा १८९३ मध्ये बोभाटा झाला. रानडे, भांडारकर यांसारखे सुहृद सल्लागार मंडळातून दूर झाले. पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची धास्ती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. बाई मात्र डळमळल्या नाहीत.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. भूक कशी असते हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. सुमारे ३०० मुली व स्त्रिया त्यांनी पुण्याजवळ केडगावास आणल्या. तेथे मुक्तिसदन उभे राहिले.

उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलाचे मराठी भाषांतर केले. आम्हां संस्कृताभिमान्यांना सांगावयास हवे, की त्यात या सरस्वतीने संस्कृत शब्द जाणूनबुजून टाळले. खेड्यातील बाईस वाचता यावे, हाच हेतू. १९२१ मध्ये मनोरमाही गेली, तरी काम चालूच होते. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. त्याचे खिळे केडगावच्या छापखान्यात आश्रमातील स्त्रियांनीच जुळविले होते.