मोहम्मद हत्ता : सात शब्द आणि एक राष्ट्र

राष्ट्राच्या पायाभरणीत इस्लामचे स्थान कोणते असावे, हा प्रश्न विसाव्या शतकात अनेक मुस्लिम समाजांपुढे उभा राहिला. इंडोनेशियात त्याचे उत्तर ज्यांना अवघ्या एका सकाळी शोधावे लागले, ते त्या देशाचे पहिले उपराष्ट्रपती मरहूम मोहम्मद हत्ता होत.

हत्ता यांचा जन्म 12 ऑगस्ट 1902 रोजी पश्चिम सुमात्रातील बुकिटिंगी या गावी झाला. त्यांचे आजोबा शेख अब्दुर्रहमान हे बातुहंपारचे नामवंत सूफी आलिम होते. हत्ता अवघे आठ महिन्यांचे असताना वडिलांचे छत्र हरपले. दिवसा डच शाळा आणि सायंकाळी कुरआनचे शिक्षण, अशा दुहेरी शिस्तीत त्यांचे बालपण गेले. 1921 मध्ये अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी ते हॉलंडमधील रॉटरडॅमला गेले. तेथे ते इंडोनेशियन विद्यार्थ्यांच्या स्वातंत्र्यवादी संघटनेचे अध्यक्ष झाले. 1927 मध्ये ब्रसेल्सच्या साम्राज्यविरोधी परिषदेत ते सहभागी झाले. पंडित जवाहरलाल नेहरूही त्याच परिषदेस उपस्थित होते. त्याच वर्षी डच सरकारने त्यांना अटक केली. परंतु 1928 मध्ये न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली.

मायदेशी परतल्यावर 1934 मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली. प्रथम पापुआच्या हिवतापग्रस्त अरण्यातील बोवेन दिगुल येथे आणि नंतर बांदा बेटावर, अशी हद्दपारीची वर्षे त्यांनी काढली. सोबत ग्रंथांच्या सोळा पेट्या होत्या. बांदा बेटावर ते स्थानिक मुलांना शिकवीत असत. देश स्वतंत्र झाल्याखेरीज विवाह करावयाचा नाही, असा त्यांचा निर्धार होता. तो त्यांनी पाळला आणि वयाच्या 43व्या वर्षी निकाह केला.

22 जून 1945 रोजी नऊ नेत्यांच्या समितीने भावी राज्यघटनेच्या प्रास्ताविकेचा मसुदा तयार केला. तो जकार्ता सनद म्हणून ओळखला जातो. ईश्वरावरील श्रद्धा हे राज्याचे पहिले तत्त्व ठरले आणि मुसलमानांवर शरिअतच्या पालनाचे बंधन राहील, अशा आशयाचे सात शब्द त्यास जोडले गेले. समितीत हत्ता होते, तसेच एक ख्रिस्ती सदस्यही होते. हे सात शब्द दीर्घ चर्चेनंतर, परस्पर तडजोडीने आलेले होते.

17 ऑगस्ट 1945, शुक्रवार, रमजानचा महिना. सुकार्नो व हत्ता यांच्या स्वाक्षरीने स्वातंत्र्याची घोषणा झाली. त्याच सायंकाळी हत्ता यांना निरोप मिळाला, की पूर्वेकडील बेटांवरील ख्रिस्ती समाज या सात शब्दांमुळे प्रजासत्ताकात राहण्यास कचरत आहे. राष्ट्राचा जन्म होऊन एक दिवसही लोटला नव्हता आणि डच सत्ता परतण्याच्या तयारीत होती. अशा वेळी देश दुभंगला असता, तर स्वातंत्र्यच धोक्यात आले असते.

हत्ता यांनी परस्पर निर्णय घेतला नाही. 18 ऑगस्टच्या सकाळी, बैठकीपूर्वी, त्यांनी मुस्लिम नेत्यांना एकत्र करून मशवरा केला. मुहम्मदिया संघटनेचे प्रमुख की बागुस हादिकुसुमो यांचे मन वळविणे सर्वांत अवघड होते. अखेर ते सात शब्द वगळले गेले आणि त्यांच्या जागी ईश्वर एकमेव असल्याचा निर्वाळा देणारे शब्द आले. मुस्लिम नेत्यांनी त्यांत तौहीदचा आशय पाहिला.

हा निर्णय सर्वांना रुचला नाही. अनेक धर्मनिष्ठांना तो दिलेल्या शब्दाचा भंग वाटला, आणि 1950 च्या दशकात घटना समितीत हा वाद पुन्हा पेटला. त्यांची वेदना खोटी नव्हती. तथापि हुदैबियाच्या तहाचे स्मरण येथे झाल्यावाचून राहत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी करारपत्रातून आपल्या नावापुढील रसूलुल्लाह ही उपाधी वगळू दिली. सहाबांना ते जड गेले. परंतु कागदावरून शब्द गेल्याने रिसालत उणावली नाही. दोन्ही प्रसंगांची बरोबरी करता येणार नाही, हे खरे. तरी शब्द आणि आशय यांतील भेद त्यातून उमगतो.

दीन जीवनात मिठासारखा विरघळावा, ओठांच्या रंगासारखा केवळ दिसण्यापुरता नसावा, हा विचार हत्ता यांच्या नावाने आजही सांगितला जातो. त्यांचे आयुष्य त्याची साक्ष देते. सहकार चळवळीला त्यांनी बळ दिले. सुकार्नो यांच्याशी मतभेद झाल्यावर 1956 मध्ये उपराष्ट्रपतिपद सोडले. 1960 मध्ये एकाधिकारशाहीवर टीका करणारा त्यांचा लेख विख्यात आलिम हमका यांच्या नियतकालिकाने छापला, तेव्हा त्या नियतकालिकावरच बंदी आली. एका परदेशी कंपनीच्या बुटांची जाहिरात त्यांनी कापून जपून ठेवली होती. पण ते बूट घेण्याइतकी शिल्लक कधी साठली नाही. सत्तेच्या शिखरावर वावरलेल्या माणसाने सार्वजनिक पैसा अमानत मानला, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

14 मार्च 1980 रोजी ते अल्लाहच्या रहमतीत गेले. वीरांच्या दफनभूमीऐवजी त्यांनी सामान्य लोकांच्या कब्रस्तानात दफन व्हावे अशी इच्छा व्यक्त केली होती. त्यानुसार जकार्तातील तानाह कुसिर येथे ते चिरविश्रांती घेत आहेत. मशवरा, अमानत आणि साधेपणा ही तीन मूल्ये ज्याच्या आचरणात उतरली, त्याच्या राष्ट्रात इस्लामचे स्थान कोठे होते, हे शोधण्यासाठी केवळ सनदेची पाने चाळून भागत नाही. अल्लाह तआला त्यांना मगफिरत देवो. आमीन.