दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१७ जानेवारी, इ.स. १९०५ – इ.स. १९८६) हे पूर्णांक संख्यांच्या गुणधर्मांवर स्वतंत्र संशोधन करणारे मराठी गणिती होते. व्यवसायाने ते शाळेतील शिक्षक होते. गणिताची पदव्युत्तर पदवी त्यांनी घेतली नव्हती. 'गणितानंद' या नावानेही ते ओळखले जातात.

जीवन

कापरेकरांचा जन्म डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना त्यांची आई निवर्तली. वडील कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. आकडेमोडीची गोडी मुलाला त्यांच्याकडूनच लागली. ठाण्यातील शालेय शिक्षणानंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. तेथे १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. हे परांजपे म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डी गावचे, १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झालेले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेऊन कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत देवळाली येथे अध्यापन करीत राहिले.

डेम्लो संख्या

कापरेकरांचे नाव निघाले की ६१७४ आठवते. परंतु त्यांची दृष्टी कळते ती डेम्लो संख्यांत. ही कल्पना त्यांना आजच्या डोंबिवली स्थानकावर सुचली आणि स्थानकाच्या जुन्या नावावरून त्यांनी तिचे नामकरण केले. नऊ एकांची संख्या, म्हणजे १११११११११, हिचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. कारण साधे आहे. गुणाकार मांडला की नऊ ओळी एकेक घर सरकत जातात, आणि प्रत्येक उभ्या रकान्यात जितके एक जमतात तितकाच अंक खाली उतरतो. दहा एक घेतले तर मधल्या रकान्यात दहा जमतात, हातचा येतो आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा होऊन चढउतार मोडतो. नऊ एकांच्या वर्गातील अंकांची बेरीज ८१ असून ८१ ने त्या संख्येला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनीच 'हर्षद' म्हटले. त्यामुळे एकच संख्या त्यांच्या दोन कल्पनांत बसते.

६१७४

चार अंकी संख्येतील अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. चारही अंक सारखे नसल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतल्यास ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ अशा वाटेने सातव्या पायरीला ६१७४ मिळते. ४५ सारख्या संख्याही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात: ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५.

उपेक्षा व मान्यता

हे गणित क्षुल्लक मानणारे विद्वान भारतात पुष्कळ होते. कापरेकरांनी आपल्या अनेक पुस्तिका पदरमोड करून छापल्या. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून ते गणित व विज्ञानाच्या शिकवण्या घेत. १९७५ साली अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोहोचले. त्या वेळी ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये देवळाली येथे त्यांचे निधन झाले.