विश्लेषण : पोटावरच्या चरबीतून नवा स्तन, या वाटेची पहिली नोंद करणारे डॉ. नोशीर अंतिया कोण होते?

स्तनाच्या कर्करोगात स्तन काढावा लागला, तर पोटाच्या खालच्या भागातील त्वचा आणि चरबी वापरून नवा स्तन घडवता येतो. जगभर रुळलेल्या या शस्त्रक्रियेच्या एका प्रकाराची पहिली नोंद मुंबईची आहे आणि ती स्तनाची नव्हे, चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेची आहे. १९७१ मध्ये ती प्रसिद्ध करणारे डॉ. नोशीर होरमसजी अंतिया (१९२२-२००७) आज लक्षात आहेत ते कुष्ठरुग्णांचे सर्जन आणि ग्रामीण आरोग्याचे कार्यकर्ते म्हणून. सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरला उपचार घेणाऱ्या वर्धा जिल्ह्यातील महिलांसाठी त्यांचे काम दोन्ही अर्थांनी महत्त्वाचे ठरते.

कुष्ठरुग्णांकडे ते कसे वळले?

अंतिया पारशी कुटुंबातले. शस्त्रक्रियेचे उच्च शिक्षण त्यांनी इंग्लंडमध्ये घेतले. तिथल्या प्लास्टिक सर्जरीवर तेव्हा सर हॅरॉल्ड गिलीज यांची छाप होती. पहिल्या महायुद्धात चेहरे उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांवर उपचार करताना गिलीज यांनी या शाखेला आधुनिक रूप दिले. त्वचेची पट्टी नळीसारखी गुंडाळायची, रक्तपुरवठ्यासाठी ती मूळ जागी जोडलेली ठेवायची आणि टप्प्याटप्प्याने हव्या त्या जागी सरकवायची, अशी त्यांची पद्धत. पुढे याच रीतीने त्यांनी पोटाच्या त्वचेतून स्तनही तयार केला. मात्र त्यासाठी अनेक शस्त्रक्रिया लागत आणि त्यात महिने जात.

भारतात परतल्यावर अंतियांनी पुण्याजवळच्या कोंढवा येथील कुष्ठरोग रुग्णालयात शस्त्रक्रिया सुरू केल्या. डॅप्सोन या औषधामुळे कुष्ठरोगावर उपचार होऊ लागले होते, पण बसलेले नाक, झडलेल्या भुवया, न मिटणारे डोळे आणि वाकलेली बोटे तशीच राहत. रोग आटोक्यात आला तरी चेहरा त्याची जाहिरात करत राही आणि गावाचे, घराचे दार बंदच राही. वर्धेकरांना हे वेगळे सांगायला नको. मनोहर दिवाण यांचे दत्तपूरचे कुष्ठधाम, सेवाग्राममध्ये गांधीजींनी केलेली परचुरे शास्त्रींची शुश्रूषा आणि गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनचे मुख्यालय, हा सारा याच जिल्ह्याचा इतिहास आहे.

अंतियांनी नाके उभी केली, डोक्याच्या केसाळ त्वचेतून भुवया लावल्या, हात पुन्हा कामाचे केले. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टाटा प्लास्टिक सर्जरी विभाग उभारताना त्यांनी कुष्ठरुग्णांना इतर रुग्णांबरोबर एकाच वॉर्डात ठेवले. वेगळी खोली नाही, वेगळी खाट नाही. त्या काळात हा निर्णय कोणत्याही शस्त्रक्रियेपेक्षा कठीण असावा.

गेलेला अवयव घडवणे ही चैन नसून उपचाराचाच भाग आहे, हे त्यांच्या कामाचे सूत्र. स्तन पुनर्रचनेबाबत नेमका हाच मुद्दा आजही अडतो. गाठ निघाली, केमो आणि रेडिएशन झाले की घरच्यांच्या लेखी विषय संपतो. वयाचा दाखला देऊन, आता कशाला, असा सूर लावला जातो. रुग्ण बाईला मात्र रोज अंघोळीच्या वेळी त्या सपाट जागेला सामोरे जावे लागते.

१९७१ च्या नोंदीत काय होते?

अंतिया आणि त्यांचे सहकारी डॉ. व्ही. आय. बुच यांनी पोटाच्या खालच्या भागातील त्वचेचा आतला थर आणि चरबी यांचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसह पूर्ण सुटा केला. तो चेहऱ्याच्या खोलगट भागात बसवून तिथल्या रक्तवाहिन्यांना जोडला. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ प्लास्टिक सर्जरी’मध्ये त्याचा अहवाल छापून आला.

शेतातील पाइपलाइनचे उदाहरण घेतले तर फरक लगेच कळतो. जुन्या पद्धतीत पाइप मूळ विहिरीला जोडलेलाच ठेवून ओढत न्यावा लागे. नव्या पद्धतीत तो कापून दुसऱ्या विहिरीवर जोडला. अडचण एवढीच, की इथे पाइप साधारण एक-दीड मिलिमीटरचा आणि सांध्यात रक्ताची गुठळी झाली तर सारा तुकडा मरतो. म्हणून अशा शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन-तीन दिवस नव्या भागाचा रंग आणि ऊब ठरावीक वेळाने तपासतात. शंका आली तर रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेतात.

अनेक ठिकाणी या तंत्राची सुरुवात १९७३ मधील ऑस्ट्रेलियातील शस्त्रक्रियेपासून मोजली जाते. तिथे पूर्ण त्वचेचा पट्टा हलवला होता, तर मुंबईत त्वचेखाली भरायची चरबी. हा फरक मान्य केला तरी मुंबईची नोंद दोन वर्षे आधीची आहे, हे सांगायला हवे. ज्या वरवरच्या रक्तवाहिनीवर अंतिया-बुच यांचा तुकडा जगला, तीच वापरून १९९१ मध्ये अमेरिकी सर्जन जेम्स ग्रॉटिंग यांनी स्तनाची पुनर्रचना केल्याची नोंद आहे.

कापूस वेचणाऱ्या बाईसाठी याचा अर्थ काय?

ही रक्तवाहिनी पोटाच्या स्नायूच्या वरून जाते. त्यामुळे तुकडा काढताना स्नायू आणि त्यावरचे मजबूत आवरण कापावे लागत नाही. १९८२ पासून रूढ झालेल्या पद्धतीत पोटाचा उभा स्नायूच सोबत घेतला जाई. त्याने पोटाची भिंत कमजोर होण्याची, हर्नियाची शक्यता वाढते. ओटी बांधून दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या, डोक्यावर भारा वाहणाऱ्या बाईसाठी ही बाब किरकोळ नाही. पाठीचा स्नायू पुढे आणण्याचाही पर्याय असतो, पण त्यात खांद्याची ताकद थोडी कमी होऊ शकते.

अडचण अशी, की वरवरची वाहिनी अनेक महिलांमध्ये फार बारीक असते किंवा नसतेच. म्हणून स्नायूमधून वर येणारी वाहिनी हळुवार सोडवून, स्नायू जागेवर ठेवून केलेली शस्त्रक्रिया आज अधिक होते. ती सहा-आठ तास चालू शकते आणि मायक्रोसर्जरीत तरबेज सर्जन लागतो. सिलिकॉन इम्प्लांटची शस्त्रक्रिया त्यापेक्षा छोटी. मात्र रेडिएशन घेतलेल्या जागी इम्प्लांटभोवतीचा भाग आक्रसण्याचा धोका जास्त असतो.

पुनर्रचना स्तन काढतानाच करता येते किंवा काही महिने, वर्षांनीही. तिच्यामुळे कर्करोग परत येण्याची शक्यता वाढत नाही. नव्या स्तनाला पूर्वीसारखी संवेदना सहसा येत नाही, हे आधीच स्पष्ट सांगितलेले बरे. तंबाखूतील निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे विदर्भातला खर्रा शस्त्रक्रियेआधी काही आठवडे बंद करावाच लागतो. शस्त्रक्रिया नको असेल तर ब्रामध्ये ठेवण्याचा कृत्रिम स्तन मिळतो. सरकारी योजनेत काय बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला स्तन काढण्याच्या आधीच विचारावे.

सर्जन गावाकडे का गेले?

१९७० च्या दशकात अंतियांनी फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ ही संस्था स्थापन केली. अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात त्यांनी अल्पशिक्षित महिलांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. क्षय, कुष्ठरोग, बाळंतपण या बाबतीत या महिला उत्तम काम करू शकतात, हे तिथे दिसले. बायकांच्या हाती आलेली ही सत्ता स्थानिक पुढाऱ्यांना रुचली नाही आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. नंतर पुरंदर तालुक्यातील परिंचे येथे काम पुन्हा उभे राहिले. मायक्रोसर्जरी करणारा माणूस महागड्या रुग्णालयांवर टीका करतो, याचे अनेकांना कोडे पडे. वास्तविक त्यात विसंगती नव्हती. गाठ लहान असतानाच गावात कुणी ओळखली तर अनेकदा स्तन वाचवता येतो आणि आठ तासांच्या शस्त्रक्रियेची गरजच उरत नाही.

१९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कानाच्या कडेची दुरुस्ती करण्याची त्यांची १९६७ ची पद्धत आजही अंतिया-बुच फ्लॅप म्हणूनच शिकवली जाते. पोटावरच्या त्या तुकड्याला मात्र त्यांचे नाव लागलेले नाही; तो रक्तवाहिनीच्या इंग्रजी आद्याक्षरांनी, एसआयईए फ्लॅप म्हणून ओळखला जातो.