पंडिता रमाबाई आणि वाँटेजचा बाप्तिस्मा

आपले पूर्वज करारावर मजुरीला समुद्रापार गेले. समुद्र ओलांडला की जात जाते, अशी त्या काळी समजूत होती. त्याच काळात समुद्र ओलांडून इंग्लंडला आलेल्या एका मराठी बाईची ही गोष्ट शताब्दीच्या निमित्ताने सांगावी असे आम्हांला वाटले.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, सह्याद्रीतील गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकवले आणि तिने मुलीला. दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पुराणे सांगत रमाबाई पायी देशभर हिंडल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी जातीबाहेर लग्न केले. दोन वर्षांतच वैधव्य आले. पदरात लहानगी मनोरमा होती. तरी पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला.

१८८३ साली त्या इंग्लंडला आल्या, त्या वैद्यकी शिकायच्या इच्छेने. पण ऐकू कमी येत असल्याने ते राहिले. वाँटेजच्या मठात त्या भगिनींना मराठी शिकवीत आणि स्वतः इंग्रजी शिकत. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि मनोरमेने तिथे बाप्तिस्मा घेतला.

खरा वाद त्यानंतर सुरू झाला. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांचे म्हणणे असे, की बाप्तिस्मा घेतला म्हणजे चर्चची शिकवण आणि शिस्तही घेतली. रमाबाईंचे म्हणणे असे, की आपण ख्रिस्ताच्या झालो, एका पंथाच्या नव्हे. आपली बुद्धी आपण कोणाला वाहिलेली नाही. त्या शाकाहारीच राहिल्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, असा आग्रह त्यांनी धरला. चेल्टनहॅमच्या कॉलेजात प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र त्यांच्या शंका धीराने ऐकून घेतल्या.

१८८९ साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले. तिथे धर्माची सक्ती नव्हती. तरीही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्याचे कळताच पुण्यात गहजब झाला आणि रानडे, भांडारकरांसारखे सल्लागारही दूर झाले. पुढे दुष्काळात शेकडो निराधार बायका-मुलींना त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात आणले. बायबलचे मराठी भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या.

हे सारे आजच का सांगावे? आपल्या नात्यागोत्यात कोणी देवळात जाते, कोणी चर्चमध्ये. आमच्या एका भाचीला लहानपणी कपाळावर पाणी लावलेले होते. इथल्या एका चर्चने सभासद होण्यासाठी तिला पुन्हा पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घ्यायला सांगितले. ती फार दुखावली. इंग्लंडातच सॅल्व्हेशन आर्मी आणि क्वेकर लोक पाण्याचा विधी मुळीच करीत नाहीत. बेडफर्डच्या जॉन बन्यनने, स्वतः बॅप्टिस्ट असून, त्या पाण्यावरून कोणाला बाहेर ठेवू नये असा पक्ष १६७३ साली मांडला होता.

पाण्याला आम्ही कमी लेखत नाही. रमाबाईंनीही ते श्रद्धेनेच घेतले. पण माणूस आपला की परका, हे केवळ त्या पाण्यावर ठरू नये, असे आम्हांला वाटते. पूर्वी समुद्राच्या पाण्याने आपल्याला जातीबाहेर ठरवले. आता दुसऱ्या पाण्याने आपल्यांतल्या कोणाला बाहेर उभे करू नये.