शनिवारी मऊ, सोमवारी कणखर : आल्फ्रेड विल्म



विमान धातूचे असते, हे आज बालवर्गातले मूलही सांगेल. पण सुरुवातीची विमाने लाकडाची आणि कापडाची होती. ॲल्युमिनियम हलके खरे, परंतु फारच मऊ. त्याचा सांगाडा हवेतला ताण सोसणार कसा? या मऊ धातूला कणखर करणारे जर्मन संशोधक म्हणजे आल्फ्रेड विल्म. पिपरिया-मसाटच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या पालकांना ‘हीट ट्रीटमेंट’ हा शब्द नवा नाही. त्यांनाही ही हकिगत आवडेल.

विल्म यांचा जन्म २५ जून १८६९ रोजी सिलेशिया प्रांतात झाला. तो भाग तेव्हा प्रशियात होता, आज बहुतांश पोलंडमध्ये आहे. (त्याच्या पाचच दिवस आधी, २० जूनला, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे आपले लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले. एकाने लोखंडाचा नांगर दिला, दुसऱ्याने विमानाचा धातू!) १९०१ पासून विल्म बर्लिनजवळ नॉयबाबेल्सबर्ग येथील संशोधन केंद्रात काम करू लागले. तेथे लष्कराकडून एक काम आले. काडतुसांच्या पितळी नळ्यांऐवजी ॲल्युमिनियमच्या नळ्या करता येतील का, हे पाहायचे होते.

लोहार कोयता लालभडक तापवून पाण्यात बुडवतो हे तुम्ही पाहिले असेल. त्याला कोयत्याला ‘पाणी पाजणे’ म्हणतात. पोलाद त्याने लगेच कडक होते. विल्म यांनी तोच उपाय ॲल्युमिनियमवर करून पाहिला. निरनिराळे धातू मिसळले, तापवले, पाण्यात टाकले. मनासारखे यश मिळेना. वर्षांमागून वर्षे गेली.

१९०६ साली त्यांनी ॲल्युमिनियममध्ये सुमारे ४ टक्के तांबे आणि अर्धा टक्का मॅग्नेशियम मिसळले. ५२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तो तुकडा थंड केला. दिवस शनिवारचा होता. सहाय्यक याब्लोन्स्की यांनी कठीणपणा मोजला, तर विशेष काही नाही. उरलेली मोजणी सोमवारवर गेली. सोमवारी पाहतात तो तुकडा कितीतरी कठीण झालेला! मध्ये त्याला कोणी हातही लावला नव्हता. मापात चूक झाली असे कोणालाही वाटले असते. विल्म यांनी मात्र पुन्हा पुन्हा तपासले आणि दिसून आले की थंड केल्यानंतर हा धातू साध्या खोलीत पडल्या पडल्या, चार-पाच दिवस, हळूहळू कणखर होत जातो. माझ्या मते खरे श्रेय इथे आहे. शनिवारचा आकडा वहीत लिहून तुकडा फेकून दिला असता, तर कोणी नाव ठेवले नसते.

असे का होते? साखरेचा पाक आठवा. गरम पाण्यात साखर भरपूर विरघळते, पण पाक थंड झाला की जास्तीची साखर कणाकणाने बाहेर येते. तसेच तापलेल्या ॲल्युमिनियममध्ये तांबे आणि मॅग्नेशियम विरघळतात. झटकन थंड केल्यामुळे ते आत अडकतात आणि मग सावकाश बारीक पुंजके करू लागतात. हे पुंजके धातूचे थर एकमेकांवरून घसरू देत नाहीत. विल्म यांना मात्र हे कारण उमगले नव्हते. १९११ साली त्यांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले, ते कारणाविनाच. पुंजक्यांची कल्पना पुढे १९१९ च्या सुमारास अमेरिकेतील मेरिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली.

ड्यूरेन गावच्या कारखान्याने हा धातू बनवायला घेतला, म्हणून त्याचे नाव ड्युरालुमिन. १९१४ पासून झेपेलिन हवाई जहाजांचे सांगाडे त्याचे होऊ लागले. १९१९ साली युंकर्स यांचे संपूर्ण धातूचे प्रवासी विमान उडाले. काडतुसासाठी सुरू झालेले काम आभाळात पोचले.

विल्म यांच्या वाट्याला मात्र पेटंटचे तंटे आले. १९१९ साली संशोधन सोडून ते सिलेशियात डोंगराळ भागात शेती करायला गेले. ६ ऑगस्ट १९३७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांना, एकमेकांशी संबंध नसताना, क्ष-किरणांच्या साहाय्याने त्या पुंजक्यांचा पुरावा सापडला.

प्रयोगशाळेत आपण जी मॅग्नेशियमची फीत जाळतो, तो धातू ॲल्युमिनियमहूनही हलका. एका घनसेंटिमीटरचे वजन १.७४ ग्रॅम, ॲल्युमिनियमचे २.७. पण थंड असताना जोराने वाकवला तर तो तडकतो. म्हणून आज त्याच्या मिश्रधातूंवर दोन उपाय एकत्र करतात. पहिला आपल्या तांबटांच्या ओळखीचा. ठोके देऊन भांडे कणखर होते, तसे येथे गरम धातू काटकोनात वळणाऱ्या साच्यातून पुन्हा पुन्हा दाबून काढतात. त्याने आतले कण अतिशय बारीक होतात आणि धातूचे बळ वाढते. दुसरा उपाय विल्म यांचा, म्हणजे तापवणे, झटकन थंड करणे आणि वाट पाहणे. फरक इतकाच की मॅग्नेशियम नुसते पडून राहिल्याने फारसे कडक होत नाही. त्याला भट्टीत सुमारे २०० अंशांवर कित्येक तास ठेवावे लागते.