पंडिता रमाबाई आणि मुक्तिसदनाच्या विहिरी

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्यापैकी बहुतेकींनी शाळेच्या पुस्तकात वाचले आहे. त्यांची विद्वत्ता, कलकत्त्यास मिळालेली पदवी, परदेशप्रवास हे सारे सर्वांना ठाऊक आहे. परंतु उद्याच्या भाकरीची सोय हाती नसताना शेकडो मुलींना घरात घेणारी रमाबाई कशी घडली, हे थोडे निराळे प्रकरण आहे. ते आज सांगते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून त्यांनी लोकांचा रोष पत्करला. पुढे सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हिंडू लागले. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा जवळ होते नव्हते ते देवपूजेत व दानधर्मात संपले. मजुरीची सवय नाही आणि भीक मागण्याची लाज, अशा पेचात या माणसांनी रानातला पाला खाऊन दिवस काढले. थोड्याच महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. आईला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा चौथी म्हणून रमाबाई पुढे झाल्या. उंची कमी पडली, म्हणून त्यांनी तिरडीचा भार डोक्यावर घेतला.

श्रद्धा तर त्या आईवडिलांचीही खरीच होती. तिला उणे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण भुकेने माणूस कसा मरतो हे रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून देव देईल असे पुढे त्या जेव्हा म्हणाल्या, तेव्हा ते पोट भरलेल्या माणसाचे बोलणे नव्हते.

१८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती गेले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या, तेथून १८८३ साली इंग्लंडला गेल्या व तेथेच ख्रिस्ती झाल्या. अमेरिकेत त्यांच्यासाठी एक मंडळ उभे राहिले आणि त्याने दहा वर्षे पैसा पुरविण्याचे कबूल केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन निघाले व पुढल्याच वर्षी पुण्यास गेले. १८९३ साली धर्मांतराच्या शंकेवरून गहजब झाला आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंचे काही खरे होते, असे मला वाटते. पण तो वाद येथे नको.

दहा वर्षांची मुदत संपत आली होती. अशा वेळी रमाबाईंनी जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र वाचले. इंग्लंडातील ब्रिस्टल येथे या गृहस्थांनी कोणापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या भरवशावर, हजारो अनाथ मुले वाढविली. आपल्या देशात असा भरवसा चालेल काय, हा प्रश्न रमाबाईंना पडला. बायबलात एलीयाची गोष्ट आहे. अवर्षणात कावळ्यांनी त्याला अन्न आणून दिले, आणि पुढे सारफथच्या एका विधवेच्या मडक्यातले मूठभर पीठ पाऊस पडेपर्यंत सरले नाही. रमाबाईंनी ही गोष्ट नुसती वाचून ठेवली नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. अमेरिकेचा पैसा शारदासदनापुरता होता, दुष्काळी मुलींसाठी नव्हता. तरी त्या गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, तेव्हा त्यांना शहरात ठेवायची सोय नाही. मग केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर आधी झोपड्या व नंतर इमारती उभ्या राहिल्या. हेच मुक्तिसदन. तेथे शेत, फळबाग, माग, शिवण, पुढे छापखाना, सर्व कामे बायकांच्या हाती होती. भरवसा म्हणजे हात जोडून बसणे, असे तेथे कोणी मानले नाही.

१९०० सालच्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि संख्या एकोणीसशेच्या वर गेली. अन्नापेक्षा पाण्याची चिंता मोठी. ती काय असते हे शहापूर-मुरबाडच्या बायकांना सांगायला नको. आपल्या तानसेचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते, आणि वैशाखात कित्येक पाड्यांवरील लेकीसुना हंडे घेऊन झरा भरण्याची वाट पाहत बसतात. केडगावास दोन विहिरींवर एवढी माणसे, शंभरावर गुरे, बांधकाम आणि भाजीपाला अवलंबून होता. संध्याकाळी विहिरी तळाला लागत आणि सकाळी पुन्हा पाणी आलेले असे. उद्याचा साठा कधी दिसलाच नाही. त्या दिवसापुरते तेवढे मिळत गेले. रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळे, तोही त्या दिवसापुरताच. साठवलेला नासून जाई. कोणी म्हणेल, झरे जिवंत होते, त्यात नवल काय? असतीलही. पण रोज संध्याकाळी रिकामी विहीर पाहून निजायचे, आणि तरी दारी आलेल्या मुलीला परत पाठवायचे नाही, हे सोपे नव्हे.

अखेरची सुमारे अठरा वर्षे त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालविली. खेड्यातल्या बाईला समजेल असाच शब्द हवा, हा त्यांचा हट्ट. १९२१ साली मनोरमा गेली. त्यानंतरही काम चालू राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर पुरे झाले होते, आणि त्याची पाने मुक्तिसदनाच्या मुली स्वतः जुळवून छापीत होत्या.